सत्तेचाळीस किलो

१

दयाराम घरतांचं विमान रोज दुपारी बरोबर अडीचला सुटायचं आणि तीन वर्षांत ते एकदाही लेट झालं नव्हतं. एवढं कुठल्या विमान कंपनीला जमलेलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. थळजवळच्या त्यांच्या गावात लोक त्यांना तोंडावर दादा आणि पाठीमागं पायलट म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच नाव त्यांना जास्त आवडायचं.

विमान म्हणजे घरातली मागची खोली. पूर्वी तिथं भाताच्या कणग्या असायच्या. अडतीस वर्षं कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये काढून निवृत्त झाल्यावर दयारामनी कणग्या पडवीत हलवल्या, खिडकी बुजवली, समोर तीन मोठे पडदे लावले, भंगारातल्या टेम्पोच्या दोन सीटा बसवल्या आणि एकशे ऐंशी आसनांच्या विमानाचं कॉकपिट स्वतःच्या हातानं उभं केलं. खोलीचं दार पाठीमागं होतं, ते मधल्या खोलीत उघडायचं. विमान हवेत असेपर्यंत दार लोटलेलं असायचं.

मार्ग ठरलेला. मुंबईहून सुटायचं, किनारा डाव्या हाताला ठेवायचा आणि गोव्याला उतरायचं. प्रवासी मात्र एकही घ्यायचा नाही. वजनाच्या पानावर प्रवासी शून्य, सामान शून्य. रिकामं विमान मन लावून उडवता येतं, असं त्यांचं म्हणणं. माणसं आली की कटकट आली.

कार्तिकातला मंगळवार होता. बाहेर शेजारच्यांची भाताची झोडणी चालली होती, तिचा धप धप आवाज बुजवलेल्या खिडकीतूनही येत होता. विमान उंचीवर पोचलं, दयारामनी ऑटोपायलट लावला आणि चहाचा थर्मास उघडला. तेवढ्यात गुडघ्याजवळचं ट्रिमचं चाक हललं.

हे चाक विमानाचा तोल राखतं. नाक जड झालं की मागं फिरतं, शेपूट जड झाली की पुढं. ऑटोपायलट लावला की आपलं आपण फिरतं आणि टकटक वाजतं. पण विमान सरळ चाललेलं असताना त्यानं जवळजवळ गप्प राहायला हवं. आता ते मागं फिरत होतं. टक्. मग जरा थांबून, घासत गेल्यासारखा अर्धवट आवाज. पुन्हा टक्. पुन्हा तो घासता आवाज.

उतरेपर्यंत हे अधूनमधून चाललं. गोव्याची धावपट्टी आली, चाकं टेकली आणि आवाज थांबला. दयारामनी वहीत नोंद केली: चाक, विनाकारण. मग त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला.

२

कारखान्यात दयारामांचं नाव होतं ते दोष शोधण्यासाठी. त्यांची रीत साधी होती. सिग्नलची वाट मधोमध तोडायची, दोष अलीकडं की पलीकडं ते बघायचं, मग उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करायचं. असा कोपऱ्यात रेटत नेला की कुठलाही दोष शेवटी हाती लागतो, यावर त्यांची श्रद्धा होती. देवावर होती तेवढीच, कदाचित थोडी जास्तच.

चार दिवस ते कोपऱ्यात रेटत होते. चाकाची मोटर बदलली. खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली तारांची टोकं घासून लखलखीत केली. सगळा प्रोग्राम पुसून नव्यानं घातला. आणि रोज तीनच्या सुमाराला चाक हलतच राहिलं, तसंच, एक पाऊल टाकावं आणि दुसरं ओढावं त्या चालीनं.

शनिवारी त्यांनी विनेशला बोलावलं. विनेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला, अजून नोकरीत असलेला, हुशार आणि थोडा तोंडाळ. तो उजव्या सीटवर बसला, चाक हललेलं त्यानं पाहिलं, मग कॉम्प्युटरवरच्या नोंदी चाळत अर्धा तास गप्प राहिला. विनेश अर्धा तास गप्प, हीच मोठी अशुभ गोष्ट होती.

"चाकात कायपन खराबी न्हाय, दादा," शेवटी तो म्हणाला. "इमानच त्याला सांगतंय फिर म्हणून. नाक जड होतंय हलू हलू. मागं बसलेला कोन उठून पुढं चालत आला, तर असाच व्हईल."

आणि तो स्वतःच हसला. दयाराम हसले नाहीत. विनेशनं वजनाचं पान उघडलं. प्रवासी शून्य, सामान शून्य, इंधन घातलं तेवढंच. तरी सगळ्याची बेरीज सत्तेचाळीस किलोनं जास्त येत होती. त्यानं दोनदा बेरीज केली. प्रोग्रामची काही तरी गडबड असणार, असं दयाराम म्हणाले, आणि विनेशनंही ते मानून घेतलं, कारण दुसरं काय मानणार?

विनेशला त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या वर्षी अलिबागच्या दवाखान्यातून बायकोला घरी सोडलं, तेव्हा कागदावर तिचं वजन लिहिलेलं होतं. तो आकडा दयारामांच्या ओळखीचा होता.

३

कोकिळा पेणकडची, मिठागरावर वाढलेली. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे वीतभर बांध, त्यावरून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चालणारी बाई. तिचा कधी तोल गेलेला कोणी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा पाय ओढू लागला. धरून धरून घरातल्या घरात चालायची, पण बहुतेक वेळ मधल्या खोलीत खाटेवरच.

दयारामनी तिच्या उशाशी बटण बसवलं आणि मागच्या खोलीत बेल. विनेश मदतीला होता. कारखान्याच्या रीतीप्रमाणे जोडणी अशी केली की तार कुठं तुटली, खारवली, उंदरानं कुरतडली, तरी बेल गप्प राहायची नाही, उलट वाजत सुटेल. बिघाड झाला तर अलार्म वाजलाच पाहिजे, लपता कामा नये, हा त्यांचा धडा होता. शेजारपाजारचे बेल बघून गेले. बायकोची केवढी काळजी, असं बायका म्हणाल्या, आणि दयारामना ते ऐकून बरं वाटलं.

कोकिळा बेल सलग वाजवत नसे. एकदा दाबायची, मग बराच वेळ थांबायची, मग एकदा. पाणी हवं असायचं, पंखा कमी करायचा असायचा, कधी नुसतं किती वाजले ते विचारायचं असायचं. आणि नेमकी दयाराम उतरत असताना.

कारखान्यात एखादा अलार्म उगाच त्रास देऊ लागला की त्यावर जंपर टाकतात. वीतभर तार, दोन टोकांना दोन चिमटे. लावली की अलार्मला वाटतं सगळं ठीक चाललंय आणि तो गप्प बसतो. पण जंपर टाकला तर रजिस्टरात लिहायचं आणि तिथं लाल चिठ्ठी लटकवायची, म्हणजे काढायचा विसर पडत नाही. घरात कुठलं रजिस्टर आणि कुठली चिठ्ठी?

गेल्या वर्षीच एका दुपारी गोव्याला आडवा वारा लावून ठेवला होता, मुद्दाम, सरावासाठी. तीन वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. दयारामनी डोळे पडद्यावरून न काढता खाली हात घातला आणि जंपर टाकला. एका उतरण्यापुरता. पण उतरणं बिघडलं, म्हणून पुन्हा वर नेलं. दुसऱ्यांदाही बिघडलं. तिसऱ्यांदा इतकं सुरेख टेकलं की ते स्वतःशीच वाहवा म्हणाले, आणि चार वाजता हसतमुखानं बाहेर आले.

कोकिळाचा अंगठा बटणावर होता.

त्यांनी आधी काय केलं? आधी मागं गेले आणि जंपर काढला. मग डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, फार वेळ झालेला नाही. संध्याकाळी खारघरहून मुलगी, प्राप्ती, धावत आली. आईनं बेल नाही का वाजवली, असं तिनं विचारलं. दयाराम म्हणाले, नाही, झोपेतच गेली.

दहाव्याला कावळा शिवेना. दीड तास सगळे उन्हात उभे. प्राप्तीला अंतर देणार नाही म्हणून दिरानं सांगून झालं, वालाचं शेत पडीक टाकणार नाही म्हणून पुतण्यानं सांगून झालं. तिचं काही तरी राहिलंय, असं कोणीतरी पुटपुटलं. काय राहिलंय ते एकट्या दयारामना ठाऊक होतं. ते मान खाली घालून उभे राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला. तेवढं चार माणसांत बोलून टाकलं असतं तर, हा विचार त्यानंतर त्यांच्या मनातून एक दिवसही गेला नाही.

४

दुसऱ्या आठवड्यात टिंग वाजलं.

खऱ्या विमानात मागच्या माणसाला पायलटला बोलवायचं असलं की कॉकपिटमध्ये टिंग वाजतं आणि डोक्यावर निळा दिवा लागतो. दयारामांच्या विमानात मागं कोणी नव्हतंच, म्हणून त्यांनी तो दिवा नुसता शोभेला ठेवला होता. निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा, त्यामागं बल्ब नाही, तार नाही. तो लागला. टिंग वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा.

त्यांनी वरचं पॅनल उघडून पाहिलं. प्लॅस्टिकच्या मागं धूळ होती आणि एक वाळलेला कोळी.

माणूस घाबरला तरी हाताची सवय सुटत नाही. दयारामनी कागदावर विमानातल्या तीस रांगा काढल्या. सत्तेचाळीस किलो किती पुढं सरकलं म्हणजे चाक किती फिरेल, याचं गणित मांडलं. पहिल्या दिवशी तिसावी रांग. मग अठ्ठावीस. मग पंचवीस. उतरलं की जिथल्या तिथं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू व्हायचं. शुक्रवारी सोळावी रांग ओलांडली. त्यांनी पेन्सिलनं फुली मारली आणि लक्षात आलं, की रोज एवढीच पावलं पडली तर वर्षश्राद्धाच्या दिवशी पहिली रांग येते. पहिल्या रांगेपुढं फक्त दार.

तेव्हा त्यांनी उडणंच बंद केलं. मुख्य स्विच बंद केला, प्लग उपसून वायर गुंडाळून ठेवली. दोन दिवस दुपारी अंगणात येऊन बसले, तर येणाजाणारा विचारायचा, पायलट, आज फ्लाइट कॅन्सल? तिसऱ्या दिवशी तीन वाजता ते मधल्या खोलीत पेपर वाचत होते. दारापलीकडून, प्लग उपसलेल्या त्या अंधाऱ्या खोलीतून, टिंग वाजलं. मग बराच वेळ गेला. मग एकदा.

बेलचा आवाज बंद करायचा एकच उपाय त्यांना माहीत होता. चौथ्या दिवसापासून ते पुन्हा उडू लागले. चाक हललं, टिंग वाजलं, की घाईघाईनं विमान खाली आणायचं आणि टेकवायचं. टेकलं की शांतता. एकेकाळी त्यांनी हेच केलं होतं, हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग, हात तेच करत होते.

५

वर्षश्राद्धाला घर भरलं. प्राप्ती आदल्या दिवशीच आली होती. विनेश, त्याची आई नीराबाई, चार भावकीतले. पानं वाढली, कावळ्याला वाडी ठेवली, जेवणं सुरू झाली. प्राप्ती आमटी वाढता वाढता वडिलांसमोर थांबली आणि तिथंच खाली बसली.

"बाबा, एक सांगायचंय. वर्षभर सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "त्या दिवशी साडेतीनला आईचा मला फोन आला होता. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. बेल दाबतेय, पण ते उतरतायत वाटतं. उतरले की येतील."

दयारामांचा हात पानावरच राहिला.

प्राप्ती सांगत होती. मी बाबांना फोन करते, असं ती म्हणाली होती, तर आईनं नको म्हटलं. मधे बोललं की त्यांचं चुकतं, मग दिवसभर तोंड उतरून बसतात. ऑफिसात मीटिंग चालू होती. बरं म्हणून तिनं फोन ठेवला. एवढंच. त्यानंतर रोज वाटतं, ठेवला नसता तर. आई झोपेत गेली नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण बाबांना ते कळून त्रास होईल म्हणून ती गप्प राहिली.

"मला एवढंच सांगा," प्राप्ती म्हणाली. "बेल वाजली नव्हती ना तुमच्याकडं?"

आता बोलायचं. दर्भाचा कावळा करायच्या आधी जे बोलायचं होतं तेच, चार माणसं तीच होती. दयारामनी मान वर केली आणि म्हणाले, नाही वाजली. खारी हवा. तार खारवली असणार.

प्राप्तीनं डोळे मिटून श्वास सोडला. वर्षभर कुठंतरी अडकलेला श्वास असावा तो. "म्हणजे कोणाचाच दोष नव्हता," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून पुढच्या पानावर वाढायला गेली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की दयारामना क्षणभर वाटलं, खोटं बोललो तेच बरं केलं.

समोर विनेश जेवायचा थांबला होता. ती बेल जोडायला तोच मदतीला होता. तार खारवली असती तर बेल वाजत सुटली असती, गप्प बसली नसती, हे त्याला दयारामनीच शिकवलं होतं. बेल गप्प बसवायची एकच रीत आहे, तीही त्यांनीच शिकवली होती. विनेशनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग पान अर्धवट टाकून उठला, हात धुतला आणि आईला घेऊन निघून गेला. येतो असंही म्हणाला नाही.

६

अडीचला दयाराम मागच्या खोलीत गेले. आजच्या दिवशीही, असं प्राप्तीनं डोळ्यांनी विचारलं, तोंडानं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं.

तीन वाजता चाक हललं. चौथी रांग. टक्, आणि ओढलेला पाय. दयारामनी विमान खाली आणलं नाही. आज उतरायचंच नाही, असं त्यांनी जेवणावरून उठतानाच ठरवलं होतं. येऊ दे. आली की सांगू. तिला सांगणं सोपं आहे, तिला सगळं ठाऊकच आहे. तिसरी रांग. निळा दिवा लागला आणि टिंग वाजलं. दुसरी. पहिली.

मग चाक थांबलं.

त्यांच्या पाठीमागं दोन हातांवर दार होतं. दारापलीकडं कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता, सावली दिसत नव्हती, पण चाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर दारात कोण उभं आहे ते पाठीला कळतं. दयाराम वाट बघत बसले. आत येईल. हाक मारील. हात, त्यांच्या नकळत, सुकाणूवर घट्ट होते. डोळे पडद्यावर होते. कोणीही दारातून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, कामात आहेत.

एक मिनिट गेलं असेल. चाक हललं. या वेळी उलट, पुढच्या बाजूला. टक्. मग घासत, अर्धवट. पुन्हा टक्. पहिली रांग. दुसरी.

ती परत निघाली होती. मधे बोललं की त्यांचं चुकतं.

दयाराम उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा विमान हवेत असताना सीटवरून उठले, थर्मास पाडला, पट्ट्यात पाय अडकला, दार ओढलं. समोर मधली खोली असायला हवी होती. क्षणभर ती नव्हती. लांबच लांब अरुंद वाट होती, दोन्ही अंगांना सीटांच्या पाठी, लहान लहान खिडक्यांतून पडलेलं दुपारचं ऊन, आणि पार लांब, मागं, पाठमोरं कोणीतरी. सीटेची पाठ धरत, सोडत, पुढची धरत. उजवा पाय ओढत. "कोकिळे, थांब," ते म्हणाले. तिनं वळून पाहिलं नाही. ऐकलं असेल की नाही कोण जाणे. एकदा हाक मारून ते थांबले, जशी ती बेल दाबून थांबायची, आणि पुन्हा हाक मारेपर्यंत समोर मधली खोली होती, खाट होती, आणि खाटेवर उरलेल्या पत्रावळ्या मांडीवर घेऊन बसलेली प्राप्ती त्यांच्याकडं बघत होती.

"आईला हाक मारलीत," ती म्हणाली.

मागं चाक गप्प होतं. दयाराम दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मुलीचा जेवतानाचा मोकळा चेहरा अजून तसाच होता. तो आपल्यालाच मोडायचा आहे, आणि वर्षापूर्वी सांगितलं असतं तर निदान तेव्हा तो आधीच मोडलेला होता, हे त्यांना आता कळलं.

"बेल चांगली होती," ते म्हणाले. "वाजली होती. मी बंद केली."

सगळं सांगितलं. जंपर, आडवा वारा, तिसरं सुरेख उतरणं, आणि डॉक्टरच्या आधी मागं जाऊन काय काढलं तेही. प्राप्तीनं पत्रावळ्या एकावर एक नीट रचल्या, कडा जुळवल्या.

"किती वेळ, बाबा?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. पण त्या दुपारी घड्याळ तर त्यांच्या समोरच होतं.

"चाळीस मिनिटं. तीन वीस ते चार."

प्राप्तीनं खाटेच्या उशाकडं पाहिलं. तिथं भिंतीवर बटण काढल्याची दोन भोकं होती. मग ती हळू, हिशेब लागल्यासारखी म्हणाली, "म्हणजे मला फोन केला तेव्हा अजून अर्धा तास होता."

तिला द्यायला आता दयारामांजवळ खोटंही उरलं नव्हतं. ते खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले.